पैशाच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स किती?

“मॅडम, मला कळतं सगळं. बाजार वर-खाली होणारच. पण लाल आकडा दिसला की हातपाय गळतात. मन घट्ट कसं करायचं?”

27 सप्टेंबर 2024 रोजी निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक 26,277 पर्यंत गेला आणि मार्च 2025 च्या सुरुवातीला 22,000 च्या खाली डोकावून आला. त्या पाच-सहा महिन्यांत हा प्रश्न समुपदेशनात माझ्यासमोर सतत येत राहिला. विचारणारे आयटीतले होते, बँकेतले होते, निवृत्त शिक्षक होते. बहुतेकांची सुरुवात 2020 च्या लॉकडाऊननंतरची. म्हणजे चढता बाजार हाच त्यांचा सगळा अनुभव. आणि घट्ट मन म्हणजे भीती न वाटणारं मन, असं जवळपास प्रत्येकाने धरलेलं. खरी अडचण या समजुतीत आहे, हे एका गृहस्थांच्या निमित्ताने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय 44, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. इक्विटी फंडांत, म्हणजे शेअरमध्ये पैसे गुंतवणाऱ्या फंडांत, सप्टेंबरमध्ये 14 लाख होते, त्याचे फेब्रुवारीअखेर 11 लाख 60 हजार झालेले. रात्री अडीच-तीनला जाग यायची, उशाशी फोन, ॲप उघडायचं. मध्यरात्री बाजार बंद असतो, आकडा तोच दिसणार, हे माहीत असूनही उघडायचं. त्यातून तोटा ‘भरून काढायला’ ऑप्शन्समध्ये, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावर पैज लावल्यासारख्या करारांत उतरले आणि आणखी 1 लाख 40 हजार घालवले. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. घरी मात्र बारावीतल्या मुलीच्या सराव परीक्षेच्या मार्कांवरून रोज आवाज चढत होता.

“एसआयपी बंद करू की नको, एवढंच सांगा,” असं म्हणत ते आले होते. एसआयपी म्हणजे दरमहा फंडात जाणारी ठरलेली रक्कम. कोणता फंड ठेवायचा, कोणता काढायचा हे माझं काम नाही. त्यासाठी सेबी या बाजार नियामक संस्थेकडे नोंदणी असलेला सल्लागार गाठावा. निर्णय घेणारा माणूस कोणत्या अवस्थेत निर्णय घेतोय, ते पाहणं माझं काम. म्हणून मी त्यांना त्यांच्याच कामाबद्दल विचारलं.

“शाफ्टच्या ड्रॉइंगवर माप कसं लिहिलेलं असतं?”

“25 मिलिमीटर, अधिक-उणे 20 मायक्रॉन. असं काहीतरी.”

“आणि अधिक-उणे शून्य लिहिलं तर?”

ते हसले. “तसा पार्ट जगात कुणी बनवू शकत नाही, मॅडम. अख्खा लॉट रिजेक्ट होईल.”

“तुमच्या पैशाच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे चालेल एवढा फरक, किती लिहिलाय?”

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “शून्य.” आणि थोड्या वेळाने, मी काहीही न विचारता, “पोरीच्या मार्कांवरही शून्यच.”

हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. बाजार कसा चालतो ते तज्ज्ञ नीट समजावून सांगतात, पण माणसाच्या मनातली अट तशीच राहते. तोटा होऊ नये ही इच्छा रास्त आहे. ‘माझ्या वाट्याला तोटा येताच कामा नये’ हा हुकूम आहे, आणि बाजार कुणाचा हुकूम पाळत नाही. हुकूम मोडला की त्याला जोडून दोन वाक्यं येतात: ‘हे मला सहन होणारच नाही’ आणि ‘म्हणजे मीच नालायक’. झोप उडवतात ती ही तीन वाक्यं. आकडा फक्त निमित्त. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात हे सूत्र मांडलं, कि. मो. फडके यांनी ते मराठी माणसापर्यंत पोचवलं. इतकी वर्षं काम करताना याहून कामाची चावी मला सापडलेली नाही.

तिसरं वाक्य सर्वांत खोल असतं. मी विचारलं, “हा तोटा कुणाला कळला तर जास्त त्रास होईल?” उत्तर लगेच आलं. “थोरल्या भावाला. तो म्हणाला होता, गुमान एफडीत टाक.” म्हणजे रात्री अडीचला ते आकडा बघत नव्हते, भावाचा चेहरा बघत होते. बाजारात गेलेला पैसा सोसतो. ‘सांगितलं होतं ना’ हे सोसत नाही. ऑप्शन्सची उडीही त्याचसाठी होती, कुणाला कळायच्या आत आकडा सरळ करण्यासाठी. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात, आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या काळात वायदे-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात होत्या आणि सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाखांचा होता. लाजेपोटी तिथे उतरणाऱ्याची अवस्था काय होणार?

पुढच्या भेटीआधीचं काम त्यांना अजिबात आवडलं नाही: बायकोला पूर्ण आकडा सांगायचा, काहीही न लपवता. भावालाही. कारणं द्यायची नाहीत, माफी मागायची नाही. बायको आधी चिडली, तेही पैशापेक्षा लपवल्याबद्दल. भाऊ अपेक्षेप्रमाणे ‘सांगितलं होतं’ म्हणाला, आणि मग जेवायला थांब म्हणाला. ज्या वाक्याला महिनोन्महिने घाबरले, ते ऐकून झालं आणि ते धडधाकट होते. सोसण्याची ताकद अशी, सोसूनच वाढते. नुसत्या सकारात्मक विचारांनी नाही.

मग टॉलरन्स रुपयांत लिहायला बसलो. टक्क्यांत सगळेच शूर असतात. इतिहास काय सांगतो? जानेवारी ते मार्च 2020 मध्ये निफ्टी 12,362 वरून 7,610 वर आला, म्हणजे 38 टक्के. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स हा दुसरा निर्देशांक सुमारे 21,000 वर होता, मार्च 2009 मध्ये 8,160. तो जुना उच्चांक पुन्हा दिसायला नोव्हेंबर 2010 उजाडला आणि त्यावर टिकून पुढे जायला 2013. “14 लाखांचे 30 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार. एवढी घट वर्षभर दिसत राहिली तर झोप लागेल?” “नाही. अडीच लाखांपर्यंत ठीक.” मग अडीच भागिले 0.30, म्हणजे साधारण 8 लाख. इक्विटीत त्यांना झेपणारी रक्कम 8 लाखच होती, आणि ते 14 लाख घेऊन बसले होते. मन कच्चं नव्हतं, ओझं जास्त होतं. किती मोठी गोष्ट आहे ही! स्वतःला भित्रा म्हणणाऱ्या कितीतरी माणसांचं खरं निदान एवढंच असतं.

बाकीची रचना त्यांनी सल्लागाराबरोबर बसून केली. घरखर्च महिना 60 हजार, म्हणून सहा महिन्यांचे 3 लाख 60 हजार बचत खात्यात आणि एफडीत. मुलीच्या फीचे पैसे इक्विटीतून बाहेर, कारण पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा तिथे ठेवायचाच नसतो. नवा बोनस पीपीएफमध्ये. एसआयपी चालू, पण 15 हजारांवरून 8 हजारांवर. ऑप्शन्सची सोय बंद.

ॲपवर बंदी घातली नाही, वेळ ठरवली: महिन्याच्या पहिल्या रविवारी, दिवसा, एकदा. रोज पाहणाऱ्याला जवळपास निम्मे दिवस लाल दिसतात, आणि तोट्याची बोच तेवढ्याच नफ्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट असते. ही दुपटीची गोष्ट कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिली आहे. म्हणजे बाजार जिथल्या तिथे राहिला तरी रोज पाहणारा मनाने तोट्यातच. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला. जाग आलीच तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच-दहा मिनिटं.

विकायची ऊर्मी आली तर वहीत तीन ओळी आणि बाजाराचे दोन दिवस थांबणं. काय घडलं, मी स्वतःला काय सांगतोय, पैशाची गरज बदलली का. 7 एप्रिल 2025 ला अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धसक्याने सेन्सेक्स सकाळी जवळपास 4,000 अंश खाली उघडला आणि 2,226 अंशांच्या घसरणीवर बंद झाला. त्या दिवसाची त्यांची नोंद त्यांनी मला दाखवली: ‘बाजार 3 टक्के खाली. सांगतोय – पुन्हा बुडालो. गरज बदलली? नाही. पोटात गोळा आहे. जेवलो.’ भीती आहे आणि तरी हात आवरलेला आहे. ‘जेवलो’ हा शब्द वाचून मला मनापासून समाधान वाटलं.

एक इशारा मात्र हवाच. थांबायला शिकलेला माणूस कधी कधी कशालाही चिकटून बसतो. अनेक कंपन्यांत विभागलेला फंड पडणं वेगळं आणि कुणाच्या टिपवर घेतलेला एकच शेअर पडणं वेगळं. 50 टक्के पडलेल्या शेअरला मूळ भावाला यायला 100 टक्के वाढावं लागतं, आणि काही कंपन्या परत येतच नाहीत. तिथे ‘ॲव्हरेज’ करत, म्हणजे पडत्या भावात आणखी घेत राहणं हा चिवटपणा नव्हे. ‘मी चुकूच शकत नाही’ हा जुनाच हुकूम आहे. चूक मान्य करून तोट्यात बाहेर पडायलाही तेवढंच बळ लागतं.

मुलीच्या बाबतीतही हीच वही वापरली. गणितात 100 पैकी 61 आले त्या संध्याकाळी त्यांनी आधी तीन ओळी लिहिल्या, मग तिला विचारलं, “कुठे अडलं?” तिने इंटिग्रेशन म्हटलं. आवाज चढला नाही, आणि ती पेपर घेऊन शेजारी बसली.

कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर ट्रेडिंग सुरू असेल, कितीही ठरवलं तरी थांबता येत नसेल, दोन-तीन आठवडे झोप नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर वहीच्या भरवशावर राहू नका. ‘टेलि-मानस’ची 14416 ही सरकारी मोफत सेवा मराठीतही आहे, दिवसरात्र चालू असते. मनोविकारतज्ज्ञांना त्याच आठवड्यात भेटा, आणि जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या, ज्याला खरा आकडा माहीत आहे.