गोळी वाढवायच्या आधी

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीजवळच्या एका निवासी संस्थेत केअरटेकर आहे. आमच्याकडे पंचविशीतला एक मुलगा आहे, बौद्धिक अपंगत्व आहे, बोलता जवळजवळ येत नाही. हल्ली जेवायच्या वेळी ताट भिरकावतो, परवा तर माझ्या हाताला चावला. कोणी म्हणतं खोलीत कोंडा, कोणी म्हणतं गोळी वाढवा. काय करू?

उत्तर : आधी तो हात डॉक्टरांना दाखवा, माणसाचा चावा लवकर पिकतो. आणि कोंडू तर अजिबात नका हो, घाबरलेला माणूस कोंडला की अजून घाबरतो.

जेवायच्या वेळीच होतं म्हणता, मग पहिल्यांदा त्याचं तोंड बघा. दाढ किडलीय का, तोंड आलंय का, पोट साफ होतंय का, कान दुखतोय का, ज्याला बोलता येत नाही तो दुखणं सांगणार कसं, ताटच फेकणार ना!

दुखणं नसेल तर एक वही घाला. आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर तुम्ही काय केलंत, एवढंच रोज लिहायचं. पत्र्यावर पाऊस वाजत होता, लाईट गेली होती, जेवणाला उशीर झाला, शेजारी कोण बसलेलं, सगळं. आणि 'नंतर काय' हे नीट बघा. ताट फेकलं की त्याला पडवीत नेऊन बसवत असाल तर गोंगाटातून सुटायची वाट त्याला सापडलीय. मग त्याला पडवीचा फोटो द्या, त्याने तो दाखवला की लगेच बाहेर न्यायचं, घास अर्धा राहिला तरी चालेल. किंवा सरळ इतरांच्या आधी वाढा.

भडकलेला असताना एकानेच बोलायचं, हळू, दोन-तीन शब्दांत, दार अडवायचं नाही. चावलाच तर हात खेचू नका, कातडी फाटते.

गोळीचं म्हणाल तर २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ८६ जणांवरची चाचणी छापून आली होती, बौद्धिक अपंगत्व आणि आक्रमकपणा असलेले, पण सायकोसिस (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) नसलेले लोक. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही सायकोसिसवरची दोन औषधं आणि नुसती खोटी, औषध नसलेली गोळी असे तीन गट, चार आठवड्यांनी आक्रमकपणा तिन्हीकडे उतरला आणि सगळ्यात जास्त खोट्या गोळीवाल्यांचा. तरी चालू गोळी मनाने बंद करू नका, वही घेऊन मानसोपचार डॉक्टरांकडे जा आणि ही गोळी नक्की कशासाठी आहे ते विचारा, विचारायचा हक्क आहे तुम्हाला.