फिनलंडच्या वर्कशॉपमध्ये पाच दिवस: निघण्याआधीचं पत्र

प्रिय,

जर्मनीतल्या तुझ्या बेरुफ्सशूलेला, म्हणजे व्यवसायशाळेला, इरास्मस प्लस या युरोपीय संघाच्या शिक्षण-देवाणघेवाण योजनेतून फिनलंडच्या भेटीसाठी पैसे मिळाले आणि वाहनतंत्र विभागातून तुझं नाव गेलं, हे वाचून फार आनंद झाला. तयारी कुठून सुरू करू, असं तू विचारलंस. तिकिटापासून नको, प्रश्नापासून कर. जाताना एकच प्रश्न घेऊन जा, आणि तो इतका बारीक असू दे की पाच दिवसांत त्याचं उत्तर डोळ्यांनी बघता येईल. ‘तिकडची शिक्षणपद्धती कशी आहे’ हे माहितीपत्रकातही वाचायला मिळतं. ‘एखाद्या मुलाला ब्रेकचं काम जमलं, हे कोण, कुठे आणि केव्हा ठरवतं’ हे मात्र तिथे उभं राहूनच कळतं.

मूल्यमापनाचाच प्रश्न सुचवण्यामागे कारण आहे. जर्मनी आणि फिनलंड यांच्यात सर्वांत खोल फरक तिथेच आहे. तुझे कार मेकॅट्रॉनिकचे विद्यार्थी साडेतीन वर्षं शिकतात. आठवड्यातले एक-दोन दिवस, किंवा सलग काही आठवडे, तुझ्या वर्गात असतात आणि उरलेला वेळ गॅरेजमध्ये. परीक्षा मात्र चेंबरची, म्हणजे व्यवसायांच्या अधिकृत मंडळाची. भाग एकचे 35 टक्के, भाग दोनचे 65 टक्के. परीक्षा मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे सारखेच प्रतिनिधी असतात, शिवाय निदान एक शिक्षक. तारीख ठरलेली, आणि त्या दिवशी मुलाचा हात थरथरला तर थरथरला.

फिनलंडमध्ये अशी शेवटची मोठी परीक्षा नाही. 2018 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र वैयक्तिक योजना असते, तिला ते ‘होक्स’ म्हणतात. मूलभूत व्यावसायिक पात्रतेसाठी 180 गुण लागतात: 145 व्यवसायाच्या घटकांचे आणि 35 भाषा, गणित वगैरे सामाईक विषयांचे. हे गुण बसून काढलेल्या तासांचे नसतात, येत असलेल्या कामाचे असतात. एखादा घटक जमतोय असं वाटलं की विद्यार्थी ‘नॅय्त्तो’ देतो, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी ते काम करून दाखवतो. शिक्षक आणि कामाच्या ठिकाणचा प्रतिनिधी, दोघे मिळून 1 ते 5 या श्रेणीत मूल्यमापन करतात. एखादी मुलगी आधी गॅरेजमध्ये काम करून आली असेल, तर तिला येत असलेला भाग पुन्हा शिकावा लागत नाही.

वाचायला हे छान वाटतं. पण दोन मूल्यमापकांचं एकमत झालं नाही तर काय होतं? गॅरेजवाल्याला वेळ नसेल तर? मुलाने घाईत टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, वापरलाच नाही, आणि तरी चाक नीट बसलं, तर श्रेणी कोणती? हे सगळं तिथे विचारायचं आहे. त्यासाठी निदान एक नॅय्त्तो डोळ्यांनी बघायला हवा. तो दर आठवड्याला ठरलेल्या वेळी होत नाही. म्हणून यजमान शिक्षकाला सहा ते आठ आठवडे आधी लिही की तुला एक नॅय्त्तो सुरुवातीपासून श्रेणी देईपर्यंत बघायचा आहे, आणि त्यासाठी भेटीचे दिवस पुढे-मागे करायची तुझी तयारी आहे. हे न लिहिता गेलं, तर पाच दिवस नवी इमारत, नवे लिफ्ट आणि कॉफी यांतच जातात.

तारखा ठरवताना दोन्ही देशांची दिनदर्शिका शेजारी ठेव. दक्षिण फिनलंडमध्ये शरद ऋतूची सुट्टी बहुतेक वर्षाच्या 42 व्या आठवड्यात असते. हिवाळी सुट्टी भागाभागाने 8, 9 आणि 10 व्या आठवड्यांत विभागलेली असते. 6 डिसेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन, 1 मे म्हणजे ‘वप्पु’ हा सण. मेच्या शेवटी शिक्षक वर्ष संपवण्याच्या गडबडीत असतात, तेव्हा पाहुणा नकोसा होतो. तुझ्या राज्याच्या सुट्ट्या वेगळ्या, त्यामुळे मधल्या मोकळ्या खिडक्या मोजक्याच उरतात. त्या आधीच शोध.

आता कागद. कंटाळवाणा भाग आहे, पण पैसे इथेच अडकतात. इरास्मस प्लसच्या नियमांत दुसऱ्याच्या कामाचं निरीक्षण, ज्याला जॉब शॅडोइंग म्हणतात, 2 ते 60 दिवसांचं असू शकतं. स्वतः तिथे शिकवायला जायचं असेल, तर 2 ते 365 दिवस. तुझं काम पहिल्या प्रकारातलं, म्हणून करारातही तेच नोंदलेलं असू दे. निघण्याआधी शिक्षण-करारावर तुझी, तुझ्या शाळेची आणि यजमान शाळेची, अशा तिन्ही सह्या झालेल्या हव्यात. परतताना यजमानांकडून उपस्थितीचं प्रमाणपत्र घे. त्यात तुझं नाव, काय शिकलीस आणि सुरुवात-शेवटच्या तारखा नीट लिहिलेल्या असाव्यात. एक तारीख चुकली तर तेवढ्या दिवसांचा भत्ता वादात पडतो. शुक्रवारी दुपारी सगळे घाईत असतात, म्हणून त्याचा मसुदा गुरुवारीच दे. युरोपास मोबिलिटीचा दाखला, म्हणजे परदेशात काय शिकलीस याची युरोपीय नोंद, हवा असेल, तर तोही आधी सांगून ठेव.

प्रवासाचे पैसे अंतराच्या टप्प्यांवरून मिळतात, आणि अंतर युरोपीय आयोगाच्या गणकयंत्रावर सरळ रेषेत मोजतात. जर्मनीतून हेलसिंकी 500 ते 1999 किलोमीटरच्या टप्प्यात येतं. विमानाऐवजी रेल्वे किंवा बसने प्रवासाचा मुख्य भाग केला, तर ‘हरित’ दर लागू होतो. तो जास्त असतो आणि प्रवासाचे दिवसही जास्त धरतात. फिनलंडला जाताना मध्ये समुद्र आहे, तेव्हा बोटीचा टप्पा हरित प्रवासात बसतो का, हे तिकीट काढण्याआधी आपल्या शाळेच्या इरास्मस समन्वयकाकडून लेखी विचारून घे. तिकिटं आणि बोर्डिंग पास जपून ठेव.

शाळेकडून कार्यालयीन दौऱ्याची लेखी मंजुरी घे. ती नसेल आणि वर्कशॉपमध्ये अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. तुझी सामाजिक सुरक्षा जर्मनीतच आहे हे दाखवणारं ए-वन प्रमाणपत्र जर्मनीतच काढायचं असतं. ते किती दिवसांत मिळेल हे आधी विचार, आणि अर्ज महिनाभर आधी कर.

तुझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, म्हणून दोन गोष्टी वेगळ्या सांगते. जर्मनीचा निवास परवाना असला की शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे फिनलंडसाठी काळजी नाही. पण पासपोर्ट आणि परवाना दोन्ही बरोबर हवेत. पुढच्या वर्षी शाळा आयर्लंडला पाठवायचं म्हणाली, तर ते शेंगेनमध्ये नाही, व्हिसा काढायला वेळ लागेल. तुर्कस्तान आणि सर्बिया इरास्मसमध्ये आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. दुसरी गोष्ट आरोग्य कार्डाची. तुझ्या विम्याच्या कार्डामागचं युरोपीय आरोग्य विमा कार्ड फिनलंडमध्ये चालेल. डेन्मार्क, आइसलँड, लिश्टेनश्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना त्या कार्डावर उपचार मिळत नाहीत, तिथे वेगळा प्रवास विमा हवा. जर्मन सहकाऱ्यांना हे सांगायची वेळच येत नाही, म्हणून तुला कुणी आपणहून सांगणार नाही.

सामानात एस-थ्री सुरक्षा बूट, संरक्षक चष्मा आणि स्वतःचा वर्क कोट घाल. यजमानांकडे पाहुण्याच्या मापाचे बूट असतीलच असं नाही, आणि बूट नसले की वर्कशॉपच्या दारातूनच बघावं लागतं. नारिंगी केबलच्या, म्हणजे हाय-व्होल्टेज विजेवर चालणाऱ्या, गाडीला हात लावू नकोस. जर्मनीतलं हाय-व्होल्टेजचं प्रमाणपत्र तुझ्याकडे असलं, तरी त्यांच्या गाडीवर कोण काम करणार हे त्यांचा जबाबदार माणूस ठरवतो. फिनलंडमधले विद्यार्थी व्यावसायिक सुरक्षेचं कार्ड आणि गरम कामाचं (वेल्डिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामाचं) कार्ड शाळेतच मिळवतात. दोन्ही 5 वर्षं चालतात. वेल्डिंगच्या जागी ती कार्डं कशी तपासतात ते बघ. आपल्याकडे सूचना देऊन सही घेतो. त्यात आणि परीक्षा देऊन मिळवलेल्या कार्डात मुलांच्या वागण्यात फरक पडतो का, हा स्वतंत्र अभ्यास होईल, पण या वेळी तुझ्या प्रश्नाच्या आड येऊ देऊ नकोस.

शिक्षकांशी इंग्रजीत बोलता येईल. मुलं आपापसात फिन्निशमध्येच बोलतात, आणि तुला ऐकायचं तेच आहे. म्हणून 40 शब्दांचा एक कागद कर: वर्कशॉपमधल्या वस्तू, मोजमापं आणि ‘बरोबर’, ‘पुन्हा कर’, ‘थांब’ असे शब्द. ब्रेक म्हणजे ‘यार्रु’, टॉर्क रेंच म्हणजे ‘मोमेन्त्तिअवाइन’. बाकीचे यजमानांकडून भरून घे. उच्चार चुकले तरी मुलं आपणहून बोलायला येतात. शिक्षकांना तिथे नावानेच हाक मारतात, ‘सर’ किंवा जर्मनसारखं ‘हेर’ (श्रीयुत) कुणी म्हणत नाही, आणि तुलाही नावानेच हाक मारतील. प्रश्न विचारल्यावर समोरचा गप्प बसला तर घाईने दुसरा प्रश्न टाकू नकोस. तो विचार करत असतो. जेवण अकराच्या आसपासच असतं. विद्यार्थ्यांना ते मोफत, शिक्षक आणि पाहुणे पैसे देतात.

पाच दिवसांपैकी एक पूर्ण दिवस एकाच विद्यार्थ्याबरोबर काढ, सकाळी तो आल्यापासून जाईपर्यंत. शिक्षकाबरोबर फिरलीस तर तुला शिक्षकाने ठरवलेलं दिसतं. विद्यार्थ्याबरोबर राहिलीस तर त्याला वाट किती बघावी लागते, गाडीवर हात कुणाचा असतो, अडलं की तो शिक्षकाकडे जातो की मित्राकडे, आणि स्वतःची योजना तो दिवसातून किती वेळा उघडतो, हे दिसतं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मार. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. दर पंधरा मिनिटांनी दोन ओळी पुरेत. ‘चौघांत एकच पाना वापरतोय, दोघे फोनवर’ हे डावीकडे. ‘शिस्त ढिली आहे’ हे उजवीकडे. फोनवर ते दुरुस्तीची माहिती वाचत असतील, आणि हे विचारल्याशिवाय कळत नाही. परतल्यावर अहवाल लिहिताना ही रेघ फार उपयोगी पडते.

फोटो काढायचे तर आधी विचार. अनेक मुलं 18 च्या खालची असतात. चेहरा न दिसता फक्त हात, हत्यारं आणि भिंतीवरचे तक्ते टिपलेस, तर बहुतेक हरकत नसते, तरीही परवानगी हवीच.

एक तास स्वतः शिकवायची तयारी ठेव, आग्रह मात्र नको. तुझ्या शाळेची ओळख दहा मिनिटांत आटोप. तुझी साठ स्लाइड्सची फाइल बघायला त्यांना वेळ नसतो. त्याऐवजी तुझ्या लेर्नफेल्ड एकमधलं, म्हणजे वाहनाची देखभाल आणि तपासणी या घटकातलं, एक खरं कामाचं पान घेऊन जा. मुलाने भरलेलं, खाडाखोड असलेलं, नाव झाकलेलं. ‘याला तुम्ही किती श्रेणी द्याल’ असं विचारलंस की एका तासात त्यांच्या पद्धतीतलं जेवढं कळेल, तेवढं दोन दिवसांच्या व्याख्यानांत कळणार नाही. शब्दांचं सरळ भाषांतर करू नकोस. जर्मन ‘माइस्टर’ला (उस्ताद कारागीर) किंवा ‘गेझेले’ला (परीक्षा पास झालेला कारागीर) फिन्निशमध्ये एकास-एक जोडी शोधलीस, की दोघेही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहता आणि ते लक्षातही येत नाही. ‘हा माणूस काय काम करतो’ असं विचार.

परत आल्यावर अहवालाच्या फॉर्मचा दुवा ईमेलने येईल. वहीतलं ताजं आहे तोवर भर. पण खरी कसोटी त्यानंतरच्या महिन्यात आहे. चेंबरची परीक्षा तू बदलू शकत नाहीस, ते तुझ्या हातात नाही. वर्गातल्या मूल्यमापनाचा एक तुकडा मात्र तुझाच आहे. एका वर्गात, एका घटकात, मुलाला ‘मी तयार आहे’ असं स्वतः सांगू दे आणि त्या दिवशी त्याचं काम बघ. गॅरेजमधल्या प्रशिक्षकाला त्याच कागदावर श्रेणी द्यायला सांग. सुरुवातीला वेळापत्रक कोलमडेल, कारण तयार झालेली मुलं पुढे जातील आणि चार-पाच मागे राहतील. त्यांच्यासाठी दुसरं वर्कबेंच आणि निदान अर्धा तास आधीच राखून ठेव. या व्यवस्थेविना प्रयोग केला, की सहकारी ‘तिकडचं इकडे चालत नाही’ म्हणून विषय संपवतात.

आणि यजमान शिक्षकाला परतीचं आमंत्रण तिथूनच दे, तारखेसकट. त्याने तुझ्यासाठी पाच दिवस दिले, गॅरेजवाल्याला विनवलं, नॅय्त्तोची वेळ जुळवली. त्यालाही तुझ्याकडे तेच बघायचं असेल: परीक्षा मंडळ प्रत्यक्षात कसं काम करतं. पण जर्मनीतल्या या परीक्षा सार्वजनिक नसतात. पाहुण्याला बसवायचं तर चेंबरची मान्यता हवी. म्हणून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात चेंबरला पत्र लिही. त्यात पाहुण्याचं नाव, शाळा आणि भेटीचा हेतू घाल, आणि तो परीक्षार्थींशी बोलणार नाही, हेही स्पष्ट लिही. उत्तर आलं की लगेच त्याला कळव, म्हणजे त्यालाही त्याच्या मुख्याध्यापकांकडे अर्ज करता येईल.

तुझी,
ताई