राज्यपालांची सही असते, मग निर्णय कोणाचा असतो?

तुमचा प्रश्न असा आहे: "मुख्यमंत्री निवडून आलेले असताना राज्यपाल कशाला हवेत? त्यांचे अधिकार नेमके किती आणि हे पद आलं कुठून?" मी कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवतो, त्यामुळे जिथे जमेल तिथे उदाहरणं इथलीच देतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ, सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार त्यासाठी चाळीसेक वर्षं भांडत होते. हे बेंच १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली आलं. त्या कलमानुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने अशी जागा ठरवतात. या मान्यतेसाठी राज्यपाल स्वतः कोल्हापूरची बाजू, पुण्याची बाजू तपासत बसत नाहीत. घटनेच्या कलम १६३ प्रमाणे ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. कागदावर नाव राज्यपालांचं असतं, त्यामागचा निर्णय निवडून आलेल्या सरकारचा असतो. अध्यादेश, नेमणुका, विधानसभेचं अधिवेशन बोलावणं, अधिवेशनाच्या सुरुवातीचं अभिभाषण या सगळ्याला हेच लागू होतं. अभिभाषणात राज्यपाल "माझे शासन" म्हणतात, पण त्यातला शब्दन् शब्द मंत्रिमंडळाने मंजूर केलेला असतो. १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी यावर शिक्कामोर्तब केलं.

मग हे पद ठेवलं कशासाठी? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

इंग्रजांच्या काळात मुंबईचा गव्हर्नर खराखुरा मालक होता आणि कोल्हापूरने ते फार जवळून सोसलंय. चौथे शिवाजी महाराज गादीवर असताना संस्थानचा कारभार मुंबई सरकारच्या पसंतीच्या माणसांकडे होता. महाराजांना वेडं ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं आणि २५ डिसेंबर १८८३ ला तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाबद्दल कारभारी बर्वे यांच्यावर केलेल्या लिखाणावरून टिळक आणि आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे २ एप्रिल १८९४ ला शाहू महाराजांच्या हाती राज्याची सूत्रं आली, तीसुद्धा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते. छत्रपतींना स्वतःच्या राज्याचा अधिकार मिळायचा तोही मुंबईच्या गव्हर्नरकडून, यावरून त्या खुर्चीचं वजन कळतं.

आपल्या शिवाजी चौकात शिवरायांचा जो अर्धपुतळा आहे, त्या जागी आधी एका गव्हर्नरचा पुतळा होता, हे इथल्या नव्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक नसतं. त्या गव्हर्नरचं नाव लेस्ली विल्सन, कारकीर्द १९२३ ते १९२८. 'चले जाव'च्या दिवसांत स्वातंत्र्यसैनिकांनी त्या पुतळ्यावर डांबर ओतलं, पुढे तो फोडला. १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने तिथे शिवरायांचा पुतळा उभा राहिला. वर्गात हा भाग शिकवताना मी मुलांना आवर्जून सांगतो की गव्हर्नर म्हणजे काय, हे कोल्हापूरने पुस्तकातून शिकलेलं नाही.

इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांत निवडलेली मंत्रिमंडळं आली, पण कलम ९३ खाली सगळा कारभार स्वतःकडे घेण्याची मुभा गव्हर्नरला राहिली. राष्ट्रपती राजवटीच्या आजच्या कलम ३५६ ची मुळं तिथे सापडतात. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं तेव्हा गव्हर्नर होते राजा महाराजसिंग, या पदावरचे पहिले भारतीय.

त्याच सुमारास दिल्लीत घटना समिती या पदावर खल करत होती. आपल्या भागाचे रत्नाप्पाण्णा कुंभार त्या समितीचे सदस्य होते, घटनेवर त्यांची सही आहे. १९४७ मध्ये समितीचं मत होतं की गव्हर्नर थेट जनतेने निवडावा. १९४९ च्या मे अखेरीस ते बदललं. राज्यभरातून मतं घेऊन आलेला गव्हर्नर आणि विधानसभेतून आलेला मुख्यमंत्री, दोघंही म्हणणार जनता माझ्यामागे आहे. मग राज्य कोणी करायचं? शिवाय फाळणी नुकतीच झाली होती आणि देश एकसंध ठेवण्याची चिंता मोठी होती. म्हणून राष्ट्रपतींनी, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकारने, नेमणूक करायची असं ठरलं. राज्यपालांना स्वतःच्या मर्जीने करायची कामं नाहीत, पार पाडायची कर्तव्यं मात्र आहेत, असं डॉ. आंबेडकरांनी तेव्हा स्पष्ट केलं होतं.

माझ्या मते सगळी गडबड इथे आहे. मालकाची खुर्ची तशीच ठेवली, मालकी काढून घेतली, पण काही फटी उरल्या. कोणाकडेच स्पष्ट बहुमत नसेल तर आधी कोणाला बोलवायचं? विधेयक आलं तर किती दिवसांत सही करायची? राष्ट्रपती राजवटीचा अहवाल कधी पाठवायचा? त्यात राज्यपालांना पदावर ठेवणं किंवा काढणं केंद्राच्या हातात. पाच वर्षांची मुदत नावाला आहे, घटनेत 'राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत' असंच लिहिलंय. त्यामुळे राज्यात एक पक्ष आणि केंद्रात दुसरा असला की या फटींतून वाद उगवतात.

महाराष्ट्राने हे पुरेपूर पाहिलंय. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी उरकला. विधान परिषदेवर राज्यपाल साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतली १२ माणसं नेमतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेली नावं तशीच पडून राहिली. मंजूर करा किंवा परत पाठवा, पण वाजवी वेळेत करा, असं मुंबई उच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२१ मध्ये सांगावं लागलं. जून २०२२ ची बहुमत चाचणी बोलावण्याचा तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचा निर्णय समर्थनीय नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये म्हटलं. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिलेला असल्याने जुनं सरकार परत आणता आलं नाही. न्याय मिळाला, पण उपयोगाच्या वेळी मिळाला नाही.

विधेयकांचं घोंगडंही असंच भिजत पडतं. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांपर्यंतच्या मुदती आखून दिल्या. नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिलं की न्यायालय अशा ठरावीक मुदती घालू शकत नाही, मात्र राज्यपालांनाही विधेयक अनिश्चित काळ अडवता येणार नाही. मला विचाराल तर मुदत घटनेतच घालावी.

विद्यापीठाचं प्रकरण वेगळं आहे आणि ते आपल्या अगदी दाराशी आहे. शिवाजी विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल असतात. कुलगुरू निवडताना शोध समिती किमान पाच नावं देते आणि त्यातून एक नाव राज्यपाल ठरवतात. हे काम ते कुलपती म्हणून करतात, त्यामुळे इथे मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक नसतो. म्हणजे ज्यांना राज्याच्या कारभारात फारसा स्वतंत्र अधिकार नाही, त्यांना हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाचा प्रमुख ठरवण्याचा खरा अधिकार आहे. केंद्र-राज्य संबंध तपासणाऱ्या पुंछी आयोगाने २०१० मध्ये सुचवलं होतं की राज्यपालांवर विद्यापीठांचा हा भार नको. मला ते पटतं, पण ती निवड मंत्र्यांच्या हाती जाऊ नये असंही तितकंच वाटतं. विद्यापीठातल्या जाणत्या माणसांच्या शब्दाला तिथे वजन हवं.

हे पदच रद्द करा म्हणणारे बरेच आहेत. मी त्यांच्या बाजूचा नाही. निवडणूक झाली, निकाल अडकला, मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, अशा वेळी राज्यात कोणीतरी घटनात्मक प्रमुख असावा लागतो. मंत्री घटनेवर निष्ठा ठेवण्याची शपथ घेतात. राष्ट्रपती आणि राज्यपाल मात्र तिचं जतन, संरक्षण आणि बचाव करण्याची शपथ घेतात, आणि राज्यपालांच्या शपथेत त्या राज्याच्या जनतेची सेवा व कल्याण हेही येतं. त्याच विषयावरच्या आधीच्या सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये सांगितलेलं साधं आहे: माणूस राज्याबाहेरचा असावा, नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात नसावा, नेमताना मुख्यमंत्र्यांशी बोलावं. यातली पहिली अट बहुतेक वेळा पाळली जाते. आपल्या जिल्ह्यातले डॉ. डी. वाय. पाटील त्रिपुराचे आणि बिहारचे राज्यपाल झाले, सांगलीचे वसंतदादा राजस्थानला गेले. उरलेल्या दोन अटींकडे मात्र केंद्रात आलेल्या प्रत्येक पक्षाने सोयीस्कर दुर्लक्ष केलंय, आणि त्या कायद्यात बसवल्याशिवाय हे थांबेल असं मला दिसत नाही.