स्वयंपाकघरातल्या ऑइल पेंट दिलेल्या भिंतीवर थेट सिरॅमिक टाइल्स बसवता येतात का? गवंडी म्हणतो, ‘केमिकल लावून रंगावरच चिकटवतो, तोडफोड कशाला?’

तुमच्या गवंड्याचं अर्धं बरोबर आहे. केमिकल, म्हणजे टाइल अ‍ॅडहेसिव्ह, ऑइल पेंटलासुद्धा धरतं. पण तो रंग भिंतीला किती धरून आहे, हे कोण सांगणार? आपल्याकडे गिलाव्यावर पुट्टी, त्यावर प्रायमर आणि वर दर तीन-चार दिवाळ्यांनी चढलेले रंगाचे हात असतात. टाइलचं वजन चौरस फुटाला सव्वा-दीड किलो तरी भरतं आणि ते सगळं या थरांवर लटकतं. त्यातला सर्वांत कच्चा थर आधी सुटतो. मी इंटिरियरच्या साइट्स बघतो. अशी निखळलेली टाइल उलटून पाहिली की पाठीवर केमिकल जागच्या जागी असतं आणि त्याला रंगाचा पापुद्रा पुट्टीच्या पांढऱ्या भुकटीसकट चिकटून आलेला असतो.

डिस्टेंपर असेल तर विचारच करू नका, पाण्याने तो मऊ पडतो. तुमच्याकडे ऑइल पेंट आहे. ब्लेडने त्यावर बारीक चौकटी पाडा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग निघून आला तर उत्तर मिळालंच. नाही निघाला तर रफ पॉलिश पेपरने चकाकी घालवून, बाँडिंग प्रायमर, म्हणजे गुळगुळीत भिंतीला पकड देणारा थर, मारून टाइल लावणारे आहेत, आणि कोरड्या भिंतीवर ते टिकतंही. पण शेगडीमागे रोजची वाफ आणि सिंकमागे रोजचं पाणी. तिथे मी तरी ही जोखीम घेणार नाही.

शिवाय काम केवढं आहे? दहा फुटी ओटा आणि त्यावर भिंतीला दोन फूट उंच टाइल्सचा पट्टा, म्हणजे डेडो, धरला तर 20 चौरस फूट. पुट्टीसकट रंग खरवडून खालच्या गिलाव्याला छिन्नीने एकमेकांलगत टाचे (बारीक खाचा) मारायला अर्धा दिवस पुरतो. गवंडी टाळतात ते धुरळ्यामुळे आणि डेब्रिज खाली न्यावं लागतं म्हणून. त्याचे पैसे वेगळे ठरवा, कुरकुर थांबेल. मग भिंतीवर पाणी शिंपडा. पटकन शोषलं तर गिलावा उघडा पडला. थेंब ओघळले तर अजून रंग शिल्लक आहे. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, पोकळ वाजेल तिथला गिलावा काढून नवा करा. स्विचबोर्डाच्या आसपास काम करताना एमसीबी बंद.

सिमेंटच्या गिलाव्यावर साध्या सिरॅमिकला आयएस 15477 या भारतीय मानकातलं टाइप 1 अ‍ॅडहेसिव्ह पुरे, महागाचं घेऊ नका. 20 किलोच्या गोणीत साधारण 50 चौरस फूट होतात, म्हणजे तुम्हाला एकच गोणी लागेल. सिमेंटच्या मालात बसवताना सिरॅमिक टाइल्स आधी पाण्यात भिजवतात, केमिकलला ते करायचं नाही.

एका गोष्टीवर मात्र उभं राहून लक्ष ठेवा. पुष्कळ जण टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवून दाबतात. मधली जागा पोकळ राहते, कुकर आपटला की तडा, आणि झुरळांना घर. खाचांच्या थापीने भिंतभर सारखा माल ओढायला लावा आणि पहिली टाइल लगेच उचलून पाहा. पाठ पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. दुसरं म्हणजे, ओट्याला बहुधा सिंककडे उतार असतो. खालची ओळ ओट्यावर टेकवून सुरू केली तर सगळे सांधे तिरके जातील. लेव्हल पाइपने आडवी रेघ मारून घ्या आणि खालच्या ओळीच्या टाइल्स उताराप्रमाणे कापा.

सांधे दुसऱ्या दिवशी भरा. पांढरं सिमेंट नकोच, फोडणीतली हळद त्यात महिन्याभरात उतरते. शेगडीमागे तरी इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा इपॉक्सीचा माल) घ्या, आणि ओटा व टाइल मिळतात त्या फटीत ग्राउटऐवजी सिलिकॉन भरा.