पुण्यात पहिल्यांदाच भाड्याने फ्लॅट घेतोय, ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर सही करण्याआधी माझे हक्क काय ते कसं कळणार?

तुम्ही लिहिलंय की भाडं २२ हजार, डिपॉझिट एक लाख, आणि ओनर म्हणतोय "रजिस्टर कशाला, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू, खर्च वाचेल". तर आधी त्या नोटरीला नाही म्हणा, बाकीचं नंतर.

महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचं किंवा लिव्ह अँड लायसन्सचं (म्हणजे घर ठराविक मुदतीपुरतं वापरायला देण्याचं) ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर्ड असावंच लागतं, मग ते ११ महिन्यांचं असो नाहीतर तीन महिन्यांचं. ११ महिन्यांची युक्ती आली ती १९०८ च्या केंद्राच्या नोंदणी कायद्यामुळे, त्यात एक वर्षापेक्षा जास्तीचं लीज रजिस्टर करावं लागतं म्हणून देशभर लोक ११ लिहितात आणि नोटरीवर भागवतात, पण आपल्याकडे कलम ५५ असल्यामुळे ती पळवाट चालत नाही. आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी ओनरची आहे, तुमची नाही. नाही केलं तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे भांडून नाही, गोडीत सांगा, बऱ्याच ओनर लोकांना हे खरंच माहीत नसतं.

त्याच कलमात अजून एक गोष्ट आहे, रजिस्टर्ड ॲग्रीमेंट नसेल आणि वाद झाला तर कुठल्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, ओनरने उलट सिद्ध करेपर्यंत. हे वाचून काही लोक म्हणतात अरे मग तर आपलाच फायदा, राहू दे नोटरी. तसं करू नका. तो फायदा कोर्टात गेल्यावरचा आहे आणि तुम्हाला कोर्टात जायचंच नाहीये, तुम्हाला लाखभर रुपये वेळेवर परत हवेत आणि दारात कोणी येऊन "उद्या खाली करा" म्हणायला नको, एवढंच.

खर्चाचं म्हणाल तर ११ महिन्यांचं भाडं झालं २ लाख ४२ हजार, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरतात ते साधारण १० हजार, या सगळ्यावर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे सव्वासहाशेच्या आसपास. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत १,०००. म्हणजे सरकारी खर्च दोन हजारांच्या आतबाहेर, वर एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो त्याचे वेगळे. निम्मे निम्मे करा म्हणावं. यासाठी एक लाखाची जोखीम घेण्यात काय अर्थ आहे.

आता मुख्य गोष्ट, जी मला वाटतं कोणीच नीट सांगत नाही. तुम्ही सही कराल त्या कागदाप्रमाणे तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसताच, तुम्ही लायसन्सी असता. म्हणजे घरावर तुमचा कसलाही हक्क तयार होत नाही, ठराविक काळ वापरायची फक्त परवानगी मिळते. हे असं का झालं, तर जुना मुंबई भाडे कायदा १९४७ चा होता, त्यात भाडेकरूला भरपूर संरक्षण होतं, त्यातून सुटायला मालक लोक लायसन्सवर घरं द्यायला लागले, मग १९७३ साली सरकारने दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरू करून टाकलं. त्यानंतर कित्येक मालकांनी घर रिकामं ठेवलं पण दिलं नाही. १९९९ च्या कायद्याने मालकांची ती भीती घालवली, मुदत संपली की घर परत मिळण्याचा वेगळा झटपट मार्ग दिला. त्यामुळे जुन्या चाळीतल्या आजोबांचे जे हक्क तुम्ही ऐकून असाल ते तुम्हाला लागू नाहीत, चाळीतलं भाडं शेवटपर्यंत दोनशे रुपयेच होतं वगैरे ते विसरा.

याचा अर्थ असा की तुमचे बहुतेक हक्क हे कायद्यातून नाही तर त्या ॲग्रीमेंटमधून येणार. आणि कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की लायसन्सचा लेखी करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जाईल. निर्णायक म्हणजे नंतर "पण ओनर तोंडी असं म्हणाला होता" याला काडीचीही किंमत नाही. त्याच कलमात आहे की मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, तुमच्या केसमध्ये महिन्याला ४४ हजार. म्हणून रिन्यू करायचं असेल तर मुदत संपायच्या महिना दीड महिना आधीच विषय काढा, "चालतंय, राहा तुम्ही, करू निवांत" यावर राहू नका.

मग ड्राफ्टमध्ये काय बघायचं. आणि हो, ड्राफ्ट टोकन द्यायच्या आधी मागा, टोकन गेलं की तुमचा बोलायचा जोर निम्मा होतो. एजंट म्हणेल स्टँडर्ड फॉरमॅट असतो साहेब, बदलता येत नाही. येतो. ॲग्रीमेंट रजिस्ट्रेशनसाठी ऑनलाइन भरताना जादा अटी टाकता येतात, त्याला फक्त कंटाळा असतो.

लॉक-इन सगळ्यात आधी वाचा. बऱ्याच ड्राफ्टमध्ये लॉक-इन फक्त तुमच्यावर असतं, म्हणजे तुम्ही सहा महिन्यांच्या आत सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्या, पण ओनर मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर केव्हाही काढू शकतो. हे दोघांनाही सारखं करून घ्या. तुमची बदली होण्याची शक्यता असेल, आयटीवाल्यांना तर हल्ली काय सांगता येत नाही, तर नोकरी गेल्यास किंवा बदली झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असं एक वाक्य टाकून घ्या. करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम कितीही लिहिली तरी कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं हे खरं, पण इथे पैसे आधीच ओनरच्या खिशात आहेत. तो कापून घेणार आणि कोर्टात तुम्हाला जावं लागणार, त्यामुळे कलम ७४ च्या भरवशावर वाईट क्लॉज सही करू नका.

डिपॉझिट. व्हॉट्सॲपवर फिरतंय की आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही. ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातलं आहे, तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात लायसन्सच्या डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. त्यामुळे ओनरला तो फॉरवर्ड दाखवून उपयोग नाही, घासाघीसच करावी लागेल. पण परत मिळण्याबद्दल मात्र नीट लिहून घ्या, की चावी देतानाच त्याच दिवशी डिपॉझिट परत, आणि नाही दिलं तर अमुक टक्के व्याज. काही ड्राफ्टमध्ये असंही असतं की डिपॉझिट मिळेपर्यंत लायसन्सी भाडं न देता राहू शकेल, हा क्लॉज आधीच असेल तर एजंटला तो काढू देऊ नका. पैसे चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि व्यवहाराचा नंबर ॲग्रीमेंटमध्ये आला पाहिजे. "थोडे कॅश द्या" म्हणाला तर तेवढे गेले असं समजा.

पेंटिंग हा पुण्यातला फेमस वादाचा विषय. माझ्या ऑफिसमधल्या एकाला घर सोडताना एक महिन्याचं भाडं पेंटिंग आणि डीप क्लिनिंगच्या नावाने कापलं, भांडायला गेला तर ओनरने ॲग्रीमेंटचं पान दाखवलं, लिहिलेलंच होतं तिथे. आता कराराचा कागदच निर्णायक म्हटल्यावर काय करणार. तुमच्या ड्राफ्टमध्ये पेंटिंगची फिक्स रक्कम असेल तर काढायला लावा आणि त्याऐवजी नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून बाकी नुकसान असेल तरच बिलाप्रमाणे कापायचं असं लिहा. चावी मिळाली की सामान टाकायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून ओनरला त्याच दिवशी पाठवा, बाथरूमची ओल, ओट्याला गेलेला तडा, सगळं. पंखे किती, गीझर चालू आहे का, चिमणी, इन्व्हर्टर, याची यादी ॲग्रीमेंटला जोडतात ती घाईत भरलेली असते, मोजून घ्या.

एक क्लॉज असा आहे जो जवळजवळ कोणी मागत नाही. ओनरने मध्येच फ्लॅट विकला तर? १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात (ईझमेंट्स ॲक्ट, लायसन्सचे नियम त्यातच आहेत) कलम ५९ आहे, त्याप्रमाणे नवीन मालक जुन्या लायसन्सला बांधील नसतो. म्हणजे तुमचे आठ महिने शिल्लक असले तरी तो म्हणू शकतो माझा तुमच्याशी करार नाही. तुमची चूक नसताना मुदतीआधी काढलं तर ज्याने लायसन्स दिलं त्याच्याकडून भरपाई मागता येते आणि सामान न्यायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे हेही त्याच कायद्यात आहे, पण लिहून घेतलेलं बरं, की विकायचं ठरलं तर दोन महिने आधी कळवायचं आणि ब्रोकरेज-शिफ्टिंगचा खर्च ओनरने द्यायचा. निदान विचारा तरी, विचारल्यावर चेहऱ्यावरून कळतं विकायचं मनात आहे का ते. फ्लॅटवर लोन आहे का आणि हप्ते चालू आहेत का तेही विचारून घ्या, बँकेने ताबा घ्यायला सुरुवात केली तर तुमच्यासारख्या लायसन्सीला फार संरक्षण नाही.

घर खरंच त्याचं आहे का बघा. इंडेक्स २ ची (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) कॉपी, लाइट बिल, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, तिन्हीवर नाव जुळलं पाहिजे. नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या. पुण्यात फार वेळा मुलगा अमेरिकेत आणि व्यवहार वडील बघतात, तेव्हा वडिलांकडे कुलमुखत्यारपत्र आहे का आणि त्यात घर भाड्याने द्यायचा अधिकार लिहिलाय का ते वाचा. आणि इथे एक मोठी मेख आहे, ओनर परदेशात राहणारा असेल तर भाड्यातून टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमच्यावर येते, भाडं कितीही कमी असलं तरी, आणि तो साधारण ३१.२ टक्के असतो. भारतातल्या ओनरला मात्र महिन्याला ५० हजारांच्या वर भाडं असेल तरच २ टक्के, तुम्हाला २२ हजारांवर काहीच नाही. तेव्हा ओनर कुठे राहतो हे नक्की विचारा आणि परदेशात असेल तर सीएला विचारल्याशिवाय पहिलं भाडं देऊ नका. एचआरएसाठी त्याचा पॅन तुम्हाला लागणारच आहे, वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जातंय.

सोसायटीवाले येऊन एनओसी मागतील, बॅचलर चालणार नाही म्हणतील. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम) सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं, आणि ते काम ओनरचं. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते तो, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तोही सभासदाकडून घ्यायचा असतो, त्यामुळे तो आणि मेंटेनन्स कोण भरणार हे ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट हवं, नाहीतर २२ हजारांचे २५ कधी होतात कळत नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची तीही ओनरनेच, ऑनलाइन होते, त्याचे एजंट वेगळे पैसे लावत असेल तर कशाचे ते विचारा.

आणि अंगठा द्यायच्या वेळी एजंट टॅबवर भराभर स्क्रोल करतो, बाकीचे चहा घेत बसलेले असतात, तेव्हा लाज न बाळगता दहा मिनिटं मागून घ्या आणि फायनल ड्राफ्टमध्ये तुम्ही सांगितलेले बदल खरंच आलेत का ते बघा, कारण जुनाच फॉरमॅट परत चिकटवलेला असतो बऱ्याचदा.