भादव्यातलं पोर बारीकच राहतं का?

प्रश्न : डॉक्टर, मी मोखाडा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायका म्हणतात भादव्यातलं पोर बारीकच राहणार. माझ्या रजिस्टरमधे सप्टेंबरची बाळं खरंच हलकी दिसतात, पण शिमग्याच्या आधी जन्मलेली बरी असतात आणि पुढच्या आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, एकदम उतरतात. मग चांगला महिना कुठला?

उत्तर : ताई, तुमचं रजिस्टर बरोबर बोलतंय. देशभरातल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून २०१२ मधे एक अभ्यास आला होता, त्यातही पावसाळ्यात जन्मलेली मुलं हिवाळ्यातल्यांपेक्षा उंचीला-वजनाला कमी निघाली.

पण महिन्यात काही नसतं, पाऊस बाळाला कुठल्या वयात गाठतो त्यात सगळं आहे. पोटातल्या बाळाचं वजन मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतं. सप्टेंबरचं बाळ म्हणजे आईचे हे महिने जून ते ऑगस्ट, घरातली नागली-वरई संपलेली, खावटीवर, म्हणजे उसन्या धान्यावर, दिवस काढायचे आणि त्यात दिवसभर चिखलात वाकून आवणी. बाळ अडीच किलोच्या खाली जाणारच की! शिमग्याआधीच्या बाळाची आई सुगीनंतर बरं जेवलेली असते म्हणून ते जन्मताना ठीक असतं (मजुरीसाठी वीटभट्टीवर गेलेल्या घरांत मात्र हेही नेहमी खरं नाही), पण सहा महिने पूर्ण होऊन वरचं अन्न सुरू करायची वेळ नेमकी जुलै-ऑगस्टमधे येते, तेव्हा पाणी गढूळ, जुलाब-ताप, आई शेतावर, आणि बाळ सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. मग वजन उतरतं. म्हणून चांगला महिना असा नाहीच, आणि यात आईचा दोष तर अजिबात नाही.

हे बदलता येतं याचा पुरावा आहे. आफ्रिकेत गांबियातल्या खेड्यांमधे गरोदर बायकांना रोज शेंगदाण्याची पौष्टिक बिस्किटं दिली, त्याचे निकाल १९९७ मधे आले. उपासमारीच्या महिन्यांत बाळांचं जन्मवजन सरासरी २०१ ग्रॅमने वाढलं, सुगीत ९४ ग्रॅम. म्हणजे जेवण सगळ्यात जास्त कधी लागतं ते कळलं ना. अमृत आहार या सरकारी योजनेत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना मिळणारं गरम जेवण म्हणूनच पावसाळ्यात चुकू नये, आणि नेमकं तेव्हाच बायका शेतावर असतात म्हणून येत नाहीत. आहार समितीत बसून आवणीपुरती जेवणाची वेळ बदलून घ्या, भांडावं लागलं तरी भांडा.

मे महिन्यातच दोन याद्या करा, एक जुलै ते ऑक्टोबरमधे बाळंत होणाऱ्यांची, दुसरी पावसाळ्यात सहा महिन्यांची होणाऱ्या बाळांची. पहिल्या यादीतल्यांचं जेवण चुकू देऊ नका, दुसऱ्या यादीतल्या घरी जुलाबासाठी ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आधीच पोचवा, आणि सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे आजीला सांगा कारण दिवसा बाळ तिच्याकडेच असतं.

एक मात्र तपासा. भट्टीवर जन्मलेल्या बाळाची तारीख बरेचदा अंदाजाने लिहिलेली असते आणि दोन-तीन महिन्यांची चूक झाली तरी वयानुसार उंचीचं गणित पार बिघडतं, चांगलं पोर खुजं दिसतं नाहीतर खुजं पोर चांगलं. तारखेची शंका असेल तर उंचीनुसार वजन बघा आणि सहा महिन्यांवरच्या बाळाला दंडाची पट्टी लावा, त्याला जन्मतारीख लागत नाही. ११.५ सेंटीमीटरच्या खाली दंड आला तर महिना कुठलाही असो, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या.