‘तुमच्यात लीडरसारखं वजन नाही’

“मॅडम, काम सगळं मीच करते. पण साहेब म्हणतात, माझ्यात लीडरसारखं वजन नाही.”

मी समुपदेशक आहे. थोड्याफार फरकाने हे वाक्य माझ्याकडे सारखं येतं. कधी बँकेतली अधिकारी ते बोलते, कधी आयटीतला हळू आवाजाचा मुलगा, तर कधी मराठी माध्यमातून आलेला आणि मीटिंगमध्ये इंग्रजी अडखळतं म्हणून मागे राहिलेला इंजिनिअर. म्हणून त्यातली एक हकिकत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती क्वालिटी विभागात होती. पस्तिशीची, उंचीने बेताची, आवाज मऊ. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि ती तिच्यापेक्षा कमी अनुभवाच्या सहकाऱ्याला मिळाली. प्लांट हेडनी आपुलकीनेच समजावलं, “तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही हो, पण शॉप फ्लोअरवर जरा जरब लागते.” मग तिने जरब आणायचं ठरवलं आणि ओरडून बोलायला लागली. घसा बसला, ऑपरेटर दुखावले आणि अप्रेझलमध्ये शेरा आला, ‘चिडचिड फार.’

हा पेच तिच्या एकटीचा नव्हता. यशस्वी मॅनेजर म्हटलं की लोकांना पुरुषाचेच गुण आठवतात, हे व्हर्जिनिया शाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1973 मध्येच दाखवून दिलं होतं. बाई मऊ बोलली तर पुढारी वाटत नाही, कडक बोलली तर बाई म्हणून खटकते. हे मी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं. अन्याय खरा असताना ‘सगळं तुमच्या मनात आहे’ म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

पण मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर श्रद्धेने काम करते. त्यामुळे घडलेली गोष्ट आणि तिच्यावरून आपण स्वतःबद्दल काढलेला निष्कर्ष मी वेगवेगळे करून पाहते.

“त्यांना मी लीडर वाटत नाही. म्हणजे मी नाहीच.”

“पहिलं वाक्य त्यांच्याबद्दल आहे, दुसरं तुमच्याबद्दल. एकावरून दुसऱ्यावर कशा आलात?”

ती गप्प. काही भेटींनंतर बोलता बोलता एका रात्रीचा विषय निघाला. तयार भागांचा लॉट गाडीत भरला जात होता. तिने सहज एक पीस उचलून तपासला, तर नो-गो गेज, म्हणजे भोक जास्त मोठं झालंय का ते पाहायचं माप, बोअरमध्ये (भागाच्या भोकात) सरळ आत गेला. जो जायला नको, तोच. तिने गाडी थांबवली, लॉट होल्डवर टाकला. प्रॉडक्शनवाले फोनवरून ओरडत होते. ती तेवढ्याच मऊ आवाजात म्हणत राहिली, “शंभर टक्के तपासणी झाल्याशिवाय गाडी हलणार नाही.”

“गाडी कोणी थांबवली?”

“तसं नाही मॅडम, मी फक्त सांगितलं.”

“आणि गाडी थांबली.”

ती हसली, पण पटलेलं नव्हतं. खरी कलाटणी पुढच्या भेटीत मिळाली आणि ती मी आजही विसरलेले नाही. हाताखालच्या एका ज्युनिअरचा अप्रेझल फॉर्म तिने आदल्या दिवशी भरला होता. हुशार, पण बुजरा मुलगा. मी सहज विचारलं, नेतृत्वाच्या रकान्यात काय लिहिलंत? ती सांगायला लागली आणि मध्येच थांबली. “लिहिलंय, ‘अजून छाप पडत नाही.’” बराच वेळ ती मान खाली घालून बसली. मग म्हणाली, “साहेबांच्या डोक्यातला लीडर माझ्याही डोक्यात आहे की! मी त्याच्यासारखी दिसायला धडपडत होते.”

हे तिचं तिला दिसावं, याचीच मी वाट पाहत होते. ज्या मापाने आपल्याला कमी ठरवलं, तेच माप आपण मनात जपतो. ते बाहेर काढल्याशिवाय बाहेरच्या मापाशी नीट भांडता येत नाही.

इथे मी तिला बंगालमधला एक अभ्यास सांगितला. 73व्या घटनादुरुस्तीनंतर तिथे सरपंचपदांपैकी एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या. बीरभूम जिल्ह्यात संशोधकांनी गावकऱ्यांना एकच भाषण कुठे पुरुषाच्या, कुठे बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथे बाई कधी सरपंच झालीच नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी लेखलं. जिथे बाईचा कारभार पाहिला होता, तिथे हा फरक जवळपास उरला नाही. 2009 मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते: पुढारी पुरुषच हवा ही आवड तिथेही फारशी हलली नव्हती, बदललं होतं ते बाईच्या कुवतीबद्दलचं मत.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, सगळ्यांना आपण आवडलंच पाहिजे हा हट्ट सोडा आणि आपले निर्णय लोकांच्या नजरेला पडतील असे मांडा. ‘मी फक्त सांगितलं’ हे वाक्य बंद करा. मेलमध्ये ‘लॉट होल्ड करण्यात आला’ असं न लिहिता ‘मी लॉट होल्ड केला, कारण अमुक’ असं लिहा. कोणी ‘वजन नाही’ म्हटलं, तर न चिडता विचारा, ‘माझा कोणता निर्णय त्यामुळे चुकला?’ हे विचारताना छाती धडधडेल. धडधडत्या छातीनेच विचारा. आणि तुम्ही स्वतः कोणाचा फॉर्म भरत असाल, तर शेऱ्यापुढे एक घडलेला प्रसंग लिहा. प्रसंग सापडला नाही, तर शेरा खोडा.

तिने ज्युनिअरचा शेरा खोडून त्याने शोधलेल्या एका दोषाची नोंद केली. प्लांट हेडना तो प्रश्न विचारला. ते विचारात पडले आणि पुढच्या कस्टमर ऑडिटची जबाबदारी तिच्याकडे दिली. बढती अजून मिळालेली नाही. पण विभागप्रमुखपदाचे निकष लेखी द्या, असा अर्ज तिने एचआरकडे केला. बऱ्याच पाठपुराव्यानंतर यादी आली. त्यात ‘जरब’ नव्हती. पुढची जागा निघेल तेव्हा त्या यादीवर बोट ठेवून ती अर्ज करणार आहे.